यादीत नाव नसलेला क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात एक वाद दर वर्षी ठरल्यासारखा निघतो. सप्टेंबरात सामने सुरू होतात, दिवाळीच्या सुमारास कुठल्या तरी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी होतो किंवा त्याचा खेळ ढेपाळतो, आणि बाकावरून एक पोरगा उठून मैदानात उतरतो. कॉलेज संपवून बाहेर पडताना एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ३२ संघांपैकी एकानेही त्याला निवडलेलं नसतं. तो पहिला सामना जिंकून देतो. शहर त्याला डोक्यावर घेतं. आता यालाच कायम खेळवा, असा धोशा सुरू होतो. आणि लगेच दुसरी बाजू विचारते, एवढा गुणी होता तर याला कुणी घेतलं कसं नाही?

दोन्ही बाजूंकडे उदाहरणांची वानवा नाही. पण बरीच वर्षं हा वाद ऐकून माझं मत असं होत गेलं आहे की दोघंही भलत्याच गोष्टीवर बोट ठेवतात. निवड झाली की नाही, झाली तर कितव्या क्रमांकावर, याची चर्चा फार होते. त्या माणसाने आजवर कुठे, किती सामन्यांत आणि कुणासमोर चेंडू फेकला आहे, हे कुणी फारसं विचारत नाही. आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

हा खेळ फारसा न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं: कुणाकडे फेकायचा, धावणाऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं. तेवढ्या वेळात सव्वाशे किलोची चार-पाच माणसं त्याच्या अंगावर चालून येत असतात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजांतून आलेल्या खेळाडूंची वाटणी. मागच्या हंगामात तळाला गेलेल्या संघाचा पहिला हक्क, विजेत्याचा शेवटचा. अशा सात फेऱ्या होतात आणि अडीचशेच्या वर नावं पुकारली जातात. त्यात ज्याचं नाव येत नाही तो अनड्राफ्टेड. शेवटची फेरी संपता संपता अशा मुलांना फोन सुरू होतात आणि किमान वेतनावर तीन वर्षांचा करार पुढे केला जातो. २०२४ साली नवख्याचं हे किमान वेतन वर्षाला ७ लाख ९५ हजार डॉलर होतं. आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण तो संघात टिकलेल्यासाठी. उन्हाळी शिबिरात ९० जण असतात, ऑगस्टअखेर त्यांतले ५३ उरतात.

जुनी-नवी उदाहरणं शेजारी ठेवताना एक गोष्ट नेहमी निसटते. सात फेऱ्यांची पद्धत १९९४ पासूनची आहे. १९८० साली १२ फेऱ्या व्हायच्या आणि तीनशेहून अधिक नावं पुकारली जायची. त्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन कॉलेजच्या डेव्ह क्रीगचं नाव त्यातही आलं नाही. (ते कॉलेजही दोन वर्षांनी बंद पडलं.) सिॲटल सीहॉक्सने त्याला उचललं, १९८३ मध्ये त्याने जिम झॉर्नची जागा घेतली, आणि १९ हंगाम खेळून ३८,१४७ यार्ड फेकून तो निवृत्त झाला. गंमत म्हणजे झॉर्नही अनड्राफ्टेडच होता. उलट जॉनी युनायटस १९५५ साली नवव्या फेरीत निवडला गेला, असं आपण हळहळून सांगतो. पण त्याचा एकूण क्रमांक होता १०२, म्हणजे आजच्या हिशेबाने चौथी फेरी. तेव्हा आजचा अनड्राफ्टेड आणि क्रीगच्या काळातला अनड्राफ्टेड एकाच मापाने मोजू नयेत. आजचा कदाचित तेव्हा दहाव्या-अकराव्या फेरीत गेला असता.

सीमारेषा किती पातळ आहे ते ब्रॉक पर्डीवरून कळतं. २०२२ च्या ड्राफ्टमधला तो २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात त्याच्या पुढे दोघे होते. एकाचा घोटा मोडला, दुसऱ्याचं पाऊल. डिसेंबरात पर्डी आत आला, पुढच्या वर्षी संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला. एक नाव आधी यादी संपली असती तर तो अनड्राफ्टेड म्हणून ओळखला गेला असता, आणि खेळात काडीचा फरक पडला नसता. शेवटच्या फेरीत निवडलं जाण्यापेक्षा न निवडलेलं बरं, असं खेळाडूंचे एजंट म्हणतात, ते उगाच नाही: निवड झाली की संघ नशिबाने मिळतो, न झाली की फोन करणाऱ्यांतून आपला आपण निवडता येतो.

आता मूळ अडचण. बाकी बऱ्याच जागांवर राखीव खेळाडू आलटून पालटून मैदानात येतो. क्वार्टरबॅकची खुर्ची एकच, आणि ती अर्ध्या तासासाठीसुद्धा कुणी वाटून घेत नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, कारण डावखुऱ्या फिरकीची ती एक जागा बिशनसिंग बेदींकडे होती. पण शिवलकरांना निदान रणजीत वर्षानुवर्षं चेंडू टाकायला मिळाला, बळी मोजता आले, हळहळ तरी आकड्यानिशी करता आली. एनएफएलच्या बाकावर बसलेल्याला त्याच्या कामाची रणजी नाही. त्याच्याविषयी आपल्याला काही माहीत नसतं, कारण माहिती तयार होईल अशी जागाच त्याला मिळत नाही.

त्याचा आठवडा कसा जातो ते पाहा. खरा सराव बुधवारी सुरू होतो. पुढच्या सामन्यासाठी आखलेल्या चाली बहुतेक सगळ्या मुख्य क्वार्टरबॅक करतो. राखीव असतो तो समोरच्या, नकली प्रतिस्पर्ध्यांच्या तुकडीत. साहाय्यक प्रशिक्षक एक पुठ्ठा वर धरतो, त्यावर येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची चाल चितारलेली असते, आणि राखीव क्वार्टरबॅक त्या परक्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो, आपल्याच बचावफळीला सराव मिळावा म्हणून. म्हणजे आठवडाभर तो दुसऱ्याच संघाचा खेळ खेळतो. रविवारी कानाला यंत्र लावून, हातात टॅब्लेट घेऊन कडेला उभा राहतो. आणि दुसऱ्या सत्रात मुख्य माणसाचा गुडघा मुरगळला की ज्या चाली त्याने सरावात एकदाही केलेल्या नाहीत त्या सत्तर हजार लोकांसमोर करायच्या असतात.

त्यात २०११ च्या कामगार करारानंतर हंगामातले अंगावर पॅड चढवून करायचे सराव १४ वर आले, आणि २०२१ पासून हंगामपूर्व सामने चारांचे तीन झाले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी योग्यच. पण त्यातून जे कापलं गेलं ते राखीव पोरांच्या वाट्याचं.

या स्थितीतही कुणी सुखाने संसार करतो. मिझुरी विद्यापीठाचा चेस डॅनियल २००९ मध्ये अनड्राफ्टेड राहिला, त्यानंतर दशकाहून अधिक काळ वेगवेगळ्या संघांत राखीव म्हणून राहिला, नियमित हंगामात अवघे पाच सामने सुरुवातीपासून खेळला आणि चार कोटी डॉलरच्या आसपास कमावून निवृत्त झाला. त्याला संधी मिळाली नाही म्हणून हळहळणारे लोक मी पाहिले आहेत. तो स्वतः हळहळत असेल असं वाटत नाही.

या वादात पहिलं नाव निघतं ते कर्ट वॉर्नरचं, आणि बहुतेक वेळा त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला शिबिरातूनच परत पाठवलं. तो आयोवातल्या सीडर फॉल्सला हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळीला तासाला साडेपाच डॉलरवर फळ्या भरायला लागला. १९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा हंगामपूर्व सामन्यात गेला. वॉर्नर आला, गोलरेषेपार गुण मिळवून देणारे ४१ टचडाऊन पास फेकले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि टेनेसीविरुद्ध २३-१६ ने सुपर बोल जिंकला. आदल्या वर्षी हाच संघ १६ पैकी ४ सामने जिंकला होता. किराण्याच्या दुकानातून सुपर बोल: सांगायला छान, पण मधली चार-पाच वर्षं या गोष्टीत कुठेच नाहीत.

त्या वर्षांत तो तीन हंगाम आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. हा खेळ बंदिस्त सभागृहात, ५० यार्डांच्या मैदानावर, आठ-आठ खेळाडूंत चालतो. जागा एवढी थोडी की चेंडू हातात ठेवून विचार करायला उसंत नाही. शेकडो वेळा, झटपट निर्णय घेऊन, कोपऱ्यात उभ्या माणसाकडे फेकायचं. १९९८ च्या वसंतात रॅम्सने त्याला एनएफएल युरोपमध्ये ॲम्स्टरडॅम ॲडमिरल्सकडे पाठवलं आणि तिथेही तो हंगामभर खेळला. रॅम्समध्ये मात्र त्या वर्षी त्याच्या वाट्याला एकच सामना आला: ११ प्रयत्नांत ४ पास, ३९ यार्ड. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडच्या नव्या संघासाठी प्रत्येक जुन्या संघाने काही खेळाडू मोकळे सोडले, त्यात वॉर्नर होता. क्लीव्हलँडनेही त्याला घेतलं नाही. ग्रीन पडला तेव्हा वॉर्नर २८ वर्षांचा होता आणि एनएफएलचा अनुभव सोडला तर बाकी सगळा अनुभव त्याच्या गाठीशी होता. याला चमत्कार म्हणण्याचा मोह मला होत नाही. रियाज झालेला होता, मैफल उशिरा मिळाली.

इतरांचं वय पाहिलं की हेच दिसतं. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वॉरन मून १९७८ च्या रोझ बोल या कॉलेज-सामन्याचा मानकरी होता, तरी त्या वर्षी त्याला कुणी निवडलं नाही. त्याचं कारण गुणवत्तेत शोधून उपयोग नाही. काळ्या क्वार्टरबॅकला जागा बदलून घे, पकडणारा किंवा बचावपटू हो, असं सांगण्याचे ते दिवस होते, आणि मूनने ते ऐकलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या विजेतेपदाचे, ग्रे कपचे, ओळीने पाच मान जिंकला आणि १९८४ मध्ये ह्यूस्टन ऑइलर्समध्ये मोठ्या पगारावर आला तो २७ वर्षांचा होऊन. पुढे ४९,३२५ यार्ड, आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेम. सॅन होजे स्टेटचा जेफ गार्सियाही असाच कॅनडात कॅल्गरीला घडला, १९९९ मध्ये स्टीव्ह यंगच्या डोक्याला मार बसल्यावर सॅन फ्रान्सिस्कोकडून आला, तेव्हा २९ चा. जेक डेलहोम १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅमला वॉर्नरचा राखीव होता (राखीवाचाही राखीव म्हणा), पुढच्या वर्षी फ्रँकफर्टकडून खेळला आणि २००३ मध्ये कॅरोलायना पँथर्सच्या पहिल्याच सामन्याच्या मध्यंतरात मुख्य खेळाडूच्या जागी आला. त्या वर्षी संघ सुपर बोलला गेला, न्यू इंग्लंडकडून ३२-२९ ने हरला. वय २८. सुपर बोल सुरू करणारे अनड्राफ्टेड क्वार्टरबॅक दोनच, वॉर्नर आणि डेलहोम, आणि दोघांनी एका युरोपीय संघाच्या शिबिरात एकत्र दिवस काढले होते, हे मला आकड्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. २००९ च्या जानेवारीत हे दोघे बाद फेरीत समोरासमोर आले. डेलहोमचा तो ३४ वा वाढदिवस होता आणि त्याने पाच चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. तरी त्या वसंतात त्याला मोठा नवा करार मिळाला. म्हणजे एकदा खुर्ची मिळाली की अनड्राफ्टेडलाही सुटत नाही.

टोनी रोमोची गोष्ट जरा वेगळी, कारण तो कुठे खेळायला गेलाच नाही. ईस्टर्न इलिनॉयचा हा मुलगा २००३ मध्ये डॅलस काउबॉइजकडे आला. तिथल्या प्रशिक्षकांपैकी शॉन पेटन त्याच्याच कॉलेजचा. तीन हंगाम रोमोने एकही पास फेकला नाही. बिल पार्सेल्स हा जुन्या वळणाचा मुख्य प्रशिक्षक. त्याने त्याला ठेवलं, शिकवलं आणि थांबवलं. २३ ऑक्टोबर २००६ ला न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध मध्यंतरानंतर ड्रू ब्लेडसोला बसवून रोमोला उतरवलं. त्या सामन्यातला त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. अर्ध्या सामन्यात अशी तीन इंटरसेप्शन. त्यातलं एक तर परत आणून समोरच्यांनी टचडाऊन केला. काउबॉइज ३६-२२ ने हरले. आणि पार्सेल्सने पुढच्या रविवारी त्यालाच खेळवलं. माझ्या मते या सगळ्या आढाव्यातला सर्वांत शहाणा निर्णय हा. तीन वर्षं रोज पाहिलेल्या माणसाविषयीचं मत त्याने तीस मिनिटांच्या गोंधळावरून बदललं नाही. (ब्लेडसो १९९३ चा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. २००१ मध्ये त्याच्या दुखापतीमुळे सहाव्या फेरीतल्या टॉम ब्रेडीला खुर्ची मिळाली, २००६ मध्ये त्याला बसवून रोमोला. ड्राफ्टचा क्रमांक किती संरक्षण देतो, हे त्याला विचारावं.)

त्याच हंगामाच्या शेवटी घडलेली घटना बाकावरच्या जिण्याविषयी बरंच सांगते. ६ जानेवारी २००७, सिॲटल, बाद फेरी. डॅलस एका गुणाने मागे, सव्वा मिनिट शिल्लक, १९ यार्डांवरून किक मारायची. एवढ्या अंतरावरून चुकणं मुश्किल. अशा किकसाठी एक जण गुडघ्यावर बसून मागून आलेला चेंडू पकडतो आणि उभा धरतो. हे काम तेव्हा बऱ्याचदा राखीव क्वार्टरबॅककडे असायचं, कारण त्याला दुसरं काम नसायचं. रोमो आता मुख्य क्वार्टरबॅक झाला होता, पण चेंडू धरायचं जुनं काम त्याच्याकडेच राहिलं होतं. चेंडू आला आणि त्याच्या हातातून निसटला. त्याने तो उचलला आणि गोलरेषेकडे धाव घेतली. दोन यार्डांवर त्याला मागून लोळवलं. डॅलस २१-२० ने हरलं. पुढे तो २०१५ पर्यंत मुख्य खेळाडू राहिला, ३४,१८३ यार्ड आणि २४८ टचडाऊन फेकून संघाचे विक्रम मोडले, तरी लोकांना आधी तो निसटलेला चेंडूच आठवतो.

आता दुसरी बाजू, आणि ती कमजोर नाही. २०१९ मध्ये कॅम न्यूटनचं पाऊल दुखावल्यावर कॅरोलायनाने काईल ॲलनला खेळवलं. पहिले चार सामने जिंकले, एकही इंटरसेप्शन नाही. न्यूटनची गरजच काय, अशी चर्चा सुरू झाली. पाचव्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोने ५१-१३ ने धुतलं. वर्षअखेर त्याच्या खात्यावर ५ विजय, ७ पराभव आणि १६ इंटरसेप्शन. त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये डेव्हलिन हॉजेस आला. बदकांचे आवाज काढण्याच्या स्पर्धा जिंकलेला, म्हणून त्याचं नावच 'डक' पडलं. पहिले तीन जिंकला, पुढचे तीन हरला, संघ बाद फेरीला मुकला. २०१८ मध्ये निक मलन्सने पहिल्याच रात्री २६२ यार्ड, तीन टचडाऊन फेकून ओकलंड रेडर्सना ३४-३ ने हरवलं. हंगामाचा हिशेब ३ विजय, ५ पराभव. २०२३ मध्ये न्यू जर्सीत आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या टॉमी डेव्हिटोने जायंट्सना ओळीने तीन सामने जिंकून दिले. आई अंथरूण घालते, कटलेट करून वाढते, याची मुलाखतींत इतकी चर्चा झाली की त्याला 'टॉमी कटलेट्स' म्हणू लागले. नाताळच्या दिवशी मध्यंतराला त्याला बसवण्यात आलं.

यात लबाडी कुणाचीच नाही, रहस्यही नाही. पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांकडे त्याची चित्रफीत नसते. तीन-चार सामने झाले की ती तयार होते: डावीकडे सरकला की नजर कुठे जाते, घाईत कोणाला शोधतो, किती लांब फेकायला कचरतो. मग बचाव त्या सवयींवर सापळे लावतो. त्या सापळ्यांना जो उत्तर शोधतो तो क्वार्टरबॅक. बाकीच्यांची ती तीन आठवड्यांची नवलाई. आणि या मंडळींची वयं पाहा: ॲलन २३, हॉजेस २३, मलन्स २३, डेव्हिटो २५. वॉर्नर-मून-गार्सिया-डेलहोम यांच्याहून दोन ते सहा वर्षांनी लहान. कॉलेजनंतर यांनी फार कुठे काही फेकलं नव्हतं. मला त्यांच्याविषयी म्हणायचंय ते एवढंच: त्यांची परीक्षा आधी झाली, शिकवणी नंतर राहिली, आणि निकाल मात्र कायमचा लागला.

वय हाच नियम मानला तर टेलर हायनिकी थोडा आडवा येतो. २०२० च्या डिसेंबरात तो बहिणीच्या घरी सोफ्यावर झोपत होता आणि ओल्ड डोमिनियन विद्यापीठात राहिलेल्या गणिताच्या परीक्षा देत होता. वॉशिंग्टनने त्याला बोलावलं, आणि ९ जानेवारी २०२१ ला बाद फेरीत टॉम ब्रेडीच्या संघासमोर त्याने ३०६ यार्ड फेकले, एकदा कोपऱ्यातल्या खांबाकडे अक्षरशः हवेत आडवा होऊन टचडाऊन केला. संघ ३१-२३ ने हरला. पुढच्या हंगामात २८ व्या वर्षी त्याने १५ सामने सुरू केले. सात जिंकले, आठ हरले. बरा, पण संघाचं भवितव्य त्याच्या हाती द्यावं एवढा नाही. म्हणजे वय वाढलं की सगळे वॉर्नर होत नाहीत. फक्त निकाल खरा लागतो.

मग संघ ड्राफ्टमधल्याला झुकतं माप देतात हे खरं की तक्रार? खरं आहे, आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे, जरी बास्केटबॉलवर. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये एनबीएतल्या खेळाडूंची नोंद तपासून दाखवलं की जो वरच्या क्रमांकावर निवडला गेला त्याला, त्याची कामगिरी हिशेबात धरूनही, जास्त वेळ खेळवलं जातं आणि तो लीगमध्ये जास्त वर्षं टिकतो. मोजलेली किंमत वाया गेली असं कबूल करायला कुणी तयार नसतं. फुटबॉलच्या ड्राफ्टबद्दल केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी दाखवलं की संघ वरच्या क्रमांकांना त्यांच्या खऱ्या मोलापेक्षा जास्त किंमत देतात. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १५ नावांत पाच क्वार्टरबॅक होते. २०२४ च्या वसंतापर्यंत त्यातला फक्त ट्रेव्हर लॉरेन्स मूळ संघात राहिला होता. ट्रे लान्सला मिळवण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले. त्याच्याकडून चार सामने सुरू करवले आणि चौथ्या फेरीच्या एका हक्कावर त्याला विकून टाकलं. त्याच संघात शेवटच्या क्रमांकाचा पर्डी होता म्हणून हे निभावलं.

तरीही संघांच्या निवडसमित्या मूर्ख आहेत, असं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. वरच्या फेरीतले पडतात ते सगळ्यांना दिसतं. शिबिरातून ऑगस्टमध्ये परत गेलेल्या अनड्राफ्टेड मुलांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि ती कितीतरी जास्त आहेत. पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात यातच काय ते आलं.

सगळ्यात अवघड निवाडा केस कीनमचा. ह्यूस्टन विद्यापीठात त्याने १९,२१७ यार्ड फेकले, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम, तरी २०१२ मध्ये अनड्राफ्टेड. २०१७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा सॅम ब्रॅडफर्ड जायबंदी झाला आणि २९ वर्षांच्या कीनमने १४ पैकी ११ सामने जिंकले. न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या बाद फेरीत शेवटच्या क्षणी स्टेफॉन डिग्जला फेकलेला ६१ यार्डांचा टचडाऊन मिनियापोलिसमध्ये आजही लोक तोंडपाठ सांगतात. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियाने त्यांना ३८-७ ने लोळवलं. मग संघाने कीनमला जाऊ दिलं आणि कर्क कझिन्सला तीन वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरची पूर्ण हमी दिली. कझिन्सच्या पहिल्या वर्षी संघ बाद फेरीलाच पोहोचला नाही. कीनम डेन्व्हरला गेला, तिथे ६ जिंकले, १० हरले. त्याच्यावर अन्याय झाला म्हणावं तर डेन्व्हर आडवं येतं, झाला नाही म्हणावं तर व्हायकिंग्जच्या तिजोरीकडे बघावं लागतं. माझं मत: त्याला आणखी एक वर्ष देणं स्वस्त होतं आणि संघाने महागडी खात्री विकत घेतली, जी खात्री नव्हतीच.

आज परिस्थिती अनड्राफ्टेडसाठी जास्त कठीण आहे. एनएफएल युरोप २००७ मध्ये बंद पडली, म्हणजे वॉर्नर आणि डेलहोम जिथे शिकले ती शाळाच गेली. वसंतातल्या लीग अधूनमधून उगवतात आणि बुडतात. २०२४ पासून यूएफएल चालू आहे, ती टिकली तर बरं. गरज मात्र कमी झालेली नाही: २०२२ आणि २०२३ या दोन्ही हंगामांत ३२ संघांत मिळून साठाहून अधिक वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सामने सुरू केले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक संघाला दुसरा माणूस लागतोच. २०२० च्या नोव्हेंबरात करोनाच्या नियमांमुळे डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक बाहेर बसले, तेव्हा केंडल हिंटन या चेंडू पकडणाऱ्याला उभं करावं लागलं. ९ प्रयत्नांत एक पास आणि ३१-३ असा पराभव. दुसऱ्या माणसाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत यापेक्षा स्पष्ट मांडता येणार नाही.

माझा कौल मागाल तर अनड्राफ्टेड राखीव क्वार्टरबॅकला सामना सुरू करण्याची संधी मिळायला हवी, पण पहिल्या वर्षी कुणाचा तरी गुडघा मोडला म्हणून नव्हे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मधल्या काळात कुठेतरी खऱ्या सामन्यांत फेकून आल्यावर, मुख्य खेळाडू सामान्य आहे हे उघड झालेलं असताना, आणि त्या आठवड्याचा पूर्ण सराव त्याच्याकडून करवून. सलग आठ सामने द्यावेत. पहिल्या चारांत जिंकला तर पेढे वाटू नयेत, हरला तर हाकलू नये. मोजायचे ते शेवटचे चार, ज्यांत प्रतिस्पर्ध्यांकडे त्याची चित्रफीत आलेली असते. त्यातही पडला तर खुशाल बाकावर बसवा. पहिल्या फेरीतल्याला बसवायला संघ दोन-दोन, तीन-तीन वर्षं घेतात. अनड्राफ्टेडसाठी तेवढ्याची मागणी मी करत नाही.